रायगडच्या किनाऱ्यावरील करवत मासा

कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे १९८१ पासून आपण ज्यास रायगड जिल्हा म्हणतो त्याचा, समुद्रकिनारा इतिहासाच्या वाचकांस अपरिचित नाही. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधावयास घेतलेला अलिबागचा कुलाबा किल्ला, राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी ठाण मांडून बसलेला सिद्दीचा जंजिरा, कुंडलिकेच्या मुखावर पहारा करणारे पोर्तुगीजांचे कोर्लई, आणि या सर्वांच्या मधून फिरणारे कान्होजी आंग्र्यांचे आरमार, यांच्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे व अजूनही लिहिले जाईल. परंतु या जलदुर्गांच्या तटांखालून जे पाणी दिवसातून दोनदा खाडीत चढत होते व दोनदा उतरत होते, त्या पाण्यात कोण राहत होते, हा प्रश्न इतिहासकारांनी क्वचितच विचारला असेल. माणसांच्या लढायांचा हिशेब दप्तरात राहिला. माशांचा राहिला नाही. त्यामुळे या किनाऱ्यावरून एक अतिशय मोठा, अतिशय विलक्षण आणि अतिप्राचीन प्राणी आपल्या डोळ्यांदेखत जवळजवळ नाहीसा झाला, आणि तो केव्हा गेला हे साल सांगून दाखविता येईल असा एकही कागद आपल्यापाशी नाही. तो प्राणी म्हणजे करवत मासा होय.

संस्कृतातील 'करपत्र' याचेच मराठीत 'करवत' झाले. सुताराच्या हाती असणाऱ्या या हत्याराचे नाव ज्या माशास मिळाले त्याच्या तोंडापुढे खरोखरच एक लांब, चपटे, दोन्ही कडांस दाते असलेले पाते असते. मासा मेला, त्याचे मांस खाल्ले गेले, पर विकले गेले, तरी हे पाते टिकते. ते कुजत नाही. म्हणून भारताच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी देवळांत, दर्ग्यांत आणि चर्चांत ते वाहिलेले आढळते, व कित्येक घरांत आजोबांच्या वेळची आठवण म्हणून भिंतीवर टांगलेले दिसते. हा रिवाज केवळ आपलाच नव्हे. मेक्सिकोतील आझ्टेक लोकांच्या राजधानीत मुख्य मंदिराच्या पायथ्याशी उत्खनन झाले, तेव्हा देवांस अर्पण केलेल्या वस्तूंत अशी पाती सापडली. पश्चिम आफ्रिकेतील आठ देशांच्या सामाईक मध्यवर्ती बँकेचे बोधचिन्ह करवत मासा हेच आहे. तेथील नाणी व नोटा हाताळणाऱ्या लोकांच्या खिशात तो मासा रोज असतो, मात्र त्यांच्या समुद्रातून तो जवळजवळ हद्दपार झाला आहे. ज्या वस्तूस आपण पूज्य मानतो ती आपल्याजवळ सुखरूप आहे अशी मनाची समजूत होते. परंतु भिंतीवरची करवत ही मासा असल्याची खूण नसून तो होता याची खूण आहे, हा भेद आपण ध्यानात घेतला पाहिजे.

प्रथम हा मासा कोण, ते पाहू. त्याचे लांबट अंग, पाठीवरील उभे पर आणि शेपटीची ठेवण पाहून तो मुशीच्या कुळातला असावा असे वाटते. लिनियसलाही १७५८ साली तसेच वाटले व त्याने त्यास शार्कांच्या पंक्तीस बसविले. परंतु त्यास उलथा करून पाहिले की भ्रम फिटतो. मुशीच्या कल्ल्यांच्या फटी मानेच्या बाजूंस असतात. करवत माशाच्या फटी पाकटाप्रमाणे पोटाच्या अंगास असतात. तेव्हा बाह्य रूप मुशीचे असले तरी कूळ पाकटाचे आहे. आपल्या बाजारात जे पाकट रोज येते, त्याचा हा थोरला आप्त होय. त्याच्या अंगात हाड नाही. सारा सांगाडा कूर्चेचा आहे. त्याची करवत ही देखील नुसते शस्त्र नव्हे. तिच्या कातडीखाली अत्यंत सूक्ष्म अशा संवेदनेची छिद्रे पसरलेली असतात, व इतर जीवांच्या शरीरांतून निघणारा क्षीण विद्युत्‌प्रवाह त्यांस जाणवतो. खाडीच्या गढूळ पाण्यात, जेथे डोळ्यांस हातभर अंतरावरचे दिसत नाही, तेथे हा मासा करवतीनेच पाहतो. सावज जवळ आले की तीच आडवी फिरवून त्यास जखमी करतो, आणि तिच्याच खाली त्यास तळाशी दाबून धरतो. शोधणे, मारणे आणि धरणे ही तिन्ही कामे एका अवयवाने करणारा प्राणी निसर्गात विरळा.

जगात या माशाच्या पाच जाती मानल्या जातात. त्यांपैकी तीन भारताच्या समुद्रास परिचित आहेत. पहिली मोठ्या दातांची, जिच्या करवतीवर प्रत्येक बाजूस सुमारे चौदापासून चोविसापर्यंत दाते असतात. ही सहा मीटरांहूनही लांब वाढते. दुसरी हिरवट पाठीची, तितकीच प्रचंड, पण अधिक दात्यांची. तिसरी अरुंद करवतीची, या दोघींहून लहान, साधारण साडेतीन मीटरांपर्यंत वाढणारी. हिची ओळख अशी की डोक्याजवळच्या भागात करवतीस दातेच नसतात. १७९४ साली जॉन लेथम या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने करवत माशांवर एक स्वतंत्र निबंध लिहिला, व त्यात ही तिसरी जात शास्त्रास प्रथम परिचित करून दिली. पुढे मद्रासच्या लष्करातील डॉक्टर फ्रान्सिस डे याने १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध केलेल्या भारतीय माशांवरील आपल्या मोठ्या ग्रंथात करवत माशांस स्थान दिले. परंतु या विद्वानांचा प्रश्न 'हा कोण?' एवढाच होता, 'हे किती?' हा प्रश्न त्या काळी कोणासच सुचला नाही. समुद्र अक्षय आहे, या समजुतीत शास्त्रज्ञ व कोळी दोघेही सारखेच निश्चिंत होते. आणि 'हा कोण?' या प्रश्नाचेही उत्तर इतके सोपे नव्हते. मोठ्या दातांच्या जातीस निरनिराळ्या समुद्रांत जी तीन निरनिराळी नावे पडली होती ती सारी एकाच जातीची आहेत, हे २०१३ साली निश्चित ठरले.

आता हा मासा राहत होता कोठे, याकडे वळू. करवत मासा खोल समुद्राचा नव्हे. किनाऱ्यालगतचे उथळ पाणी, चिखलाचा तळ, नदीचे मुख, आणि तिवरांच्या मुळांतून फिरणारी भरती हे त्याचे घर. मोठ्या दातांची जात तर नदीच्या गोड्या पाण्यात दूरवर चढून जाते व तिची पिल्ले आयुष्याची पहिली काही वर्षे तेथेच काढतात. रायगडचा किनारा नकाशावर पाहिला तर अशा घरांची जणू ओळच दिसते. उत्तरेस पाताळगंगा व अंबा यांचे पाणी घेणारी धरमतरची खाडी, रेवदंड्याजवळ कुंडलिकेचे मुख, मुरूडच्या दक्षिणेस राजपुरीची खाडी, आणि अगदी दक्षिणेस हरिहरेश्वरापाशी समुद्रास मिळणारी सावित्री, अशी ही माळ आहे. पावसाळ्यात सह्याद्रीवरून धावत येणारे तांबडे पाणी व उधाणाची भरती यांची जेथे गाठ पडते तेथे कोळंबी, बोयरी आणि लहानसहान मासळी यांची रेलचेल असते. करवत माशाचे तेच भक्ष्य.

या माशाच्या जननाची रीत समजली म्हणजे त्याच्या नाशाचे निम्मे कारण समजते. बांगडा किंवा तारली हजारोंनी अंडी पाण्यात सोडते व विसरते. त्यांतली बहुतेक मरतात, तरी कुळाचा धागा तुटत नाही. करवत माशाचे तसे नाही. मादी अंडी बाहेर टाकीत नाही. ती पोटातच फुटतात, व सुमारे पाच महिन्यांनी पूर्ण घडलेली पिल्ले जन्मास येतात. मोठ्या दातांच्या जातीत एका वेतास एकापासून तेरापर्यंत पिल्ले होतात, व जन्मतःच प्रत्येक पिल्लू सुमारे पाऊण मीटर लांब असते. या पिल्लास करवत जन्मापासूनच असते. पण आईच्या पोटास इजा होऊ नये म्हणून ती मऊ असते व तिच्यावर चिकट पदार्थाची एक म्यान चढलेली असते. जन्मानंतर ही म्यान थोड्याच काळात गळून जाते व करवत कठीण होते. निसर्गाने एवढी काळजी घेतली खरी. परंतु या जातीची मादी वयात येण्यास आठ-दहा वर्षे लागतात, हे विसरता कामा नये. अरुंद करवतीची जात त्या मानाने सुदैवी. ती दोन-तीन वर्षांत वयात येते व तिला पिल्लेही अधिक होतात. ज्या प्राण्यास मोठे होण्यास दशक लागते व ज्याच्या कुशीत थोडीच पिल्ले येतात, त्याचे व्यवहारशास्त्र सावकारी खात्यासारखे असते. व्याजावर भागवावे, मुद्दलास हात लावू नये. आपण मुद्दलच उचलले.

हे कसे घडले? पहिला घाव परांच्या व्यापाराचा. चीनमध्ये या परांचे सार करण्याची चाल आहे, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबई हे त्या व्यापाराचे मोठे बंदर होते. 'बॉम्बे टाइम्स'चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी १८५० च्या सुमारास कराचीच्या शार्कमारीचे जे वर्णन लिहून पाठविले, त्यात तेरा मोठ्या होड्या सतत याच कामावर असून वर्षास सुमारे चाळीस हजार शार्क मारले जात असावेत असा अंदाज आहे. ही हकीकत कराचीची आहे व शार्कांची आहे. तथापि ज्या बाजारात शार्कांचे पर तोलले जात, त्याच बाजारात करवत माशाच्या परांस उत्तम भाव येई. किनाऱ्यावरील कोळ्यास मांस मिळे, व्यापाऱ्यास पर मिळत, हौशी माणसास करवत मिळे. माशाच्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता.

दुसरा घाव जाळ्याचा, आणि तोच प्राणघातक ठरला. ज्या करवतीने या माशास लक्षावधी वर्षे तारले, तिनेच त्याचा घात केला. कारण ती कोणत्याही जाळ्यात, कोणत्याही आकाराच्या आसांत, अडकतेच. बोंबलासाठी लावलेली डोल असो, की मोठ्या मासळीसाठी सोडलेले तरते जाळे असो, करवत एकदा गुंतली की मासा जितका झटे तितका अधिक गुरफटे. जुने जाळे सुती किंवा सणाचे होते. ते फाडून एखादा मोठा मासा निसटून जाई. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत होड्यांस यंत्रे बसली, नायलॉनचे सूत आले, तळ खरवडून नेणारी जाळी आली. नायलॉन फाटत नाही, कुजत नाही, आणि पाण्यात दिसतही नाही. यात कोळ्यास दोष देणे अन्यायाचे होईल. यंत्र व नायलॉन त्याने स्वतः शोधून काढले नव्हते. देशास अन्न हवे होते, सरकारने उत्तेजन दिले, आणि वादळात शिडावर जीव टांगून राहणाऱ्या माणसाने यंत्र नाकारावे असे त्यास कोणत्या तोंडाने सांगावे? करवत मासा धरावयास कोणी निघाला नव्हता. दुसरे काही धरताना तो मरत गेला. त्यामुळेच त्याच्या मरणाची नोंद झाली नाही.

तिसरा घाव अधिक जुना असून अधिक संथ आहे. पेण, अलिबाग या बाजूंस खाजणांत बांध घालून, उघाड्या बसवून, खारी जमीन भाताखाली आणण्याची रीत फार जुनी आहे. अशा जमिनींच्या शिलोत्री पद्धतीचा उल्लेख १८८३ साली निघालेल्या कुलाबा-जंजिऱ्याच्या सरकारी गॅझेटियरात आहे. १९४८ च्या खारभूमीच्या कायद्याने या कामास सरकारी हात लागला. या बांधांनी हजारो कुटुंबांस भात दिले हे निर्विवाद आहे. परंतु बांधाच्या आत गेलेली प्रत्येक खाजण ही एखाद्या माशाची बाळंतघराची खोली होती, ही दुसरी बाजूही तितकीच खरी. पुढे रोहे व महाड येथे रासायनिक कारखान्यांच्या वसाहती झाल्या, आणि १९८९ साली न्हावा-शेवा येथे मोठे बंदर सुरू झाले. यांतील कोणत्याही एका गोष्टीने करवत मासा संपला असे म्हणता येणार नाही. परंतु समुद्रात जाळे आणि खाडीत बांध, अशा दोहोंच्या कात्रीत तो सापडला.

अशीच कथा इतरत्र घडली आहे, आणि तेथे ती मोजली गेल्यामुळे आपणांस उपयोगी आहे. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा सरोवरात मोठ्या दातांचे करवत मासे इतके होते की १९७० नंतर त्यांच्यावर स्वतंत्र धंदा उभा राहिला. पाच-सहा वर्षांत साठ हजारांहून अधिक मासे मारले गेल्याचा अंदाज आहे; दशक संपण्यापूर्वी धंदाही संपला, आणि नंतर बंदी घालूनही मासा परतला नाही. उलट फ्लोरिडात १९९५ साली किनाऱ्याजवळ गुंतविणारी जाळी वापरण्यास बंदी झाली, २००३ साली तेथील करवत माशास कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि तेथे ही जात अजून पिल्ले देत आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने असे दाखविले की ज्या नव्वद देशांच्या किनाऱ्यांवर करवत मासे होते, त्यांपैकी सुमारे निम्म्या देशांतून त्यांची निदान एक तरी जात नाहीशी झाली आहे. पाचही जाती आज अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहेत. दोन उदाहरणांतला भेद स्पष्ट आहे: एकीकडे सर्व संपल्यावर बंदी आली, दुसरीकडे थोडे शिल्लक असताना.

आपल्याकडे कायदा केव्हा आला? वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. पण त्या वेळी समुद्रातील मासा 'वन्यजीव' आहे ही कल्पनाच रूढ नव्हती. २००१ च्या जुलैत सरकारने सर्व शार्क व पाकटे एकदम संरक्षित ठरविली; त्यावर मच्छिमारांनी मोठी तक्रार केली, व डिसेंबरात ती यादी दहा जातींवर आणण्यात आली. त्या दहांत भारतातील तिन्ही करवत मासे होते. २००७ साली आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले व २०१३ साली ते सर्व जातींस पूर्णपणे लागू झाले; २०१५ साली भारतातून परांची निर्यातच बंद झाली. दरम्यान २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवने तोडण्यास मनाई केली. हे सर्व योग्यच झाले. परंतु कालक्रम लावून पाहिला तर मन खिन्न होते. बाजार आधी, यंत्र नंतर, मासा त्यानंतर संपत आला, आणि कायदा शेवटी.

या कायद्यांतील एक अडचण मात्र स्पष्टपणे बोलली पाहिजे. मासा संरक्षित झाला, तेव्हापासून जाळ्यात तो सापडणे हा कोळ्याच्या दृष्टीने धोका झाला. चुकून सापडलेला मासा मेला असेल तर तो गुपचूप समुद्रात टाकणे, नाहीतर तुकडे करून विकणे, हाच शहाणपणा ठरतो. जिवंत असेल तर त्यास सोडविण्यासाठी महागडे जाळे कापावे लागते. आणि चार मीटरांचा, दोन्ही बाजूंस दाते असलेला मासा डोलत्या होडीवर सोडविणे हे काही पुस्तकात वाचण्याइतके सोपे काम नव्हे. परिणाम असा होतो की ज्या थोड्या माणसांस या माशाची वार्ता आहे तीच माणसे तोंड मिटून बसतात. कायद्याने माशास आश्रय दिला खरा, पण त्याच्या इतिहासाचा शेवटचा साक्षीदार गप्प केला. महाराष्ट्र सरकारने २०१८ च्या अखेरीस संरक्षित जीव सोडविताना कापलेल्या जाळ्याबद्दल पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना केली. या सबंध कथेत कोळ्यास आरोपी न मानता सहायक मानणारे हे पहिले पाऊल म्हणावयास हरकत नाही. डॉल्फिन, कासव, देवमासा यांच्या बाबतीत अशी जाळी कापली गेली आहेत. करवत मासाही याच योजनेत बसतो; प्रश्न एवढाच की तो जाळ्यात येण्याइतका उरला आहे काय.

आमच्या मते आता करावयाची कामे दोन आहेत, व दोन्ही फार खर्चाची नाहीत. पहिले काम इतिहासकाराचे. मोरा, करंजा, रेवस, थळ, वरसोली, रेवदंडा, मुरूड, एकदरा, दिघी, श्रीवर्धन या गावांतून सत्तरीपुढचे जे कोळी आज हयात आहेत, त्यांनी आपल्या तरुणपणी हा मासा कोठे पाहिला, कोणत्या महिन्यात, उधाणास की भांगास, केवढा, आणि शेवटचा केव्हा, हे विचारून लिहून ठेवावे. घराघरांतील व देवळांतील करवती मोजाव्यात, त्यांचे दाते मोजावेत. दात्यांच्या संख्येवरून व ठेवणीवरून जात कळते, पात्याच्या लांबीवरून माशाचा आकार अजमावता येतो. करवत ज्याची आहे त्याच्याकडून ती काढून घेऊ नये. तिची हकीकत तेवढी घ्यावी. इतिहासाचार्यांनी मोडी कागदांसाठी जशी गावोगाव पायपीट केली, तशीच ही पायपीट आहे. फरक इतकाच की कागद थांबतात, माणसे थांबत नाहीत.

दुसरे काम खाड्यांचे. ज्या मुखांवर अजून तिवरांची राने उभी आहेत, त्यांस यापुढे कुऱ्हाड व भराव लागू नये, आणि पावसाळ्यात लहान मासळीच्या वाढीच्या काळात खाडीच्या तोंडाशी जाळी आडवी लागू नयेत. जून-जुलैची मासेमारीबंदी व नारळी पौर्णिमेपूर्वी समुद्रात न जाण्याची रूढी यांत हे तत्त्व मुळातच आहे; नवे काही शिकवावयाचे नाही, जुने पाळावयाचे आहे. याने करवत मासा परत येईलच असे आश्वासन कोणी देऊ नये. परंतु तो कधी आलाच, तर त्यास उतरण्यास घर असावे, आणि ज्याच्या जाळ्यात तो येईल त्यास तो सोडून दिल्याचे किनाऱ्यावर उघडपणे सांगता यावे.

जंजिऱ्याचा तट अजून उभा आहे, कारण तो दगडाचा आहे. त्याच्याखालून जाणारा हा जुना रहिवासी कूर्चेचा होता. त्याच्या मागे काही उरले असेल तर भिंतीवरची करवत आणि म्हाताऱ्या कोळ्याची आठवण. त्यांपैकी करवत आणखी शंभर वर्षे टिकेल. आठवणीस तेवढी सवड नाही.